मशीन कुलपात आणि पेशंट १०८ मध्ये: कर्नाटकच्या आरोग्य खात्याला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य,
मा. जिल्हा आरोग्याधिकारी, बेळगाव,
आणि सोनोग्राफीचे परवाने देणारं जिल्ह्याचं सक्षम प्राधिकरण,

यांना सप्रेम नमस्कार.

विषय: तालुका हॉस्पिटल, सीएचसी (सामुदायिक आरोग्य केंद्र), पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) आणि कॅज्युअल्टीतल्या (इमर्जन्सी विभागातल्या) डॉक्टरांना पेशंटच्या खाटेजवळ करायच्या सोनोग्राफीचं रीतसर ट्रेनिंग देणेबाबत.

हाच मजकूर कन्नडमध्ये टाईप करून तुमच्या कचेरीत इनवर्डला देऊन आलोय, शिक्का मारलेली कॉपी माझ्याकडे आहे. इथं मराठीत लिहितोय कारण ज्यांच्या पोटाबद्दल आणि छातीबद्दल हे सगळं आहे ते खानापूर, निपाणी, बेळगाव भागातले लोक मराठीत वाचतात, आणि त्यांनाही कळू दे की आपण नेमकं काय मागायलोय.

लिहायचं कारण असं. मागच्या पावसाळ्याआधी मी एका सरकारी कचेरीत जाऊन विचारलं, की तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रात्री बसणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांना इमर्जन्सी सोनोग्राफी शिकवायचं काही ठरलंय का. समोरचे साहेब माणूस म्हणून चांगले, चहा पण मागवला, पण उत्तर काय तर "ते रेडिओलॉजिस्टचं काम हो डॉक्टर, तुम्ही कशाला त्यात पडताय, उगीच पीसीपीएनडीटीत अडकून बसाल." (पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग तपासणी रोखणारा कायदा.) बरं, मग रेडिओलॉजिस्ट तरी द्या म्हटलं. तर "पोस्ट व्हेकंट आहे." दोन्ही उत्तरं एकाच माणसाने एकाच चहात दिली. त्यांनाही त्यात काही विचित्र वाटलं नाही, आणि मला जास्त राग त्याचाच आला.

मी खानापूर तालुक्यातला. एमबीबीएस झाल्यावर काही वर्षं पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नोकरी केली, तिथं सीनियर लोकांनी शेजारी उभं राहून, मनगट धरून ही सोनोग्राफी शिकवली. आता गावाकडे दवाखाना आहे. मशीन नाही, कारण मशीन ठेवायला नोंदणी पाहिजे आणि नोंदणीला कायद्यात लिहिलेली पात्रता पाहिजे, ती माझ्याकडे कागदावर नाही. नियम मी मोडत नाही आणि मोडणारही नाही. पण हाताला येणारी गोष्ट करता येत नाही आणि समोर पेशंट गार पडत चाललाय, हे काय असतं ते एकदा तुमच्यापैकी कुणीतरी अनुभवावं असं वाटतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. सोनोग्राफी म्हणजे आपल्याकडे "स्कॅनिंग", आणि स्कॅनिंग म्हणजे गरोदर बाई, अंधार केलेली खोली, बाहेर बाकड्यावर बसलेली सासू. पण १९९० नंतर जगभरातल्या कॅज्युअल्टीत याच मशीनचा वेगळा वापर वाढत गेला. त्यात पूर्ण तपासणी नसते, दोन पानी रिपोर्ट नसतो. एकच प्रश्न धरायचा आणि हो की नाही एवढं बघायचं. पोटात रक्त साठलंय का? फुप्फुसाभोवती हवा अडकलीय का? हृदयाच्या पिशवीत पाणी भरलंय का? अपघाताच्या पेशंटला जी तपासणी करतात तिला फास्ट म्हणतात, प्रोब, म्हणजे मशीनचा अंगावर टेकवायचा भाग, चारच ठिकाणी ठेवायचा: उजव्या कुशीत बरगड्यांवर, डाव्या कुशीत, ओटीपोटावर, आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खाली. उजव्या कुशीत लिव्हर आणि किडनी शेजारी शेजारी दिसतात, मधे एक पांढरी रेघ. त्या रेघेच्या जागी काळा पट्टा उघडलेला दिसला आणि पेशंट अपघातातला असला तर ते रक्त धरूनच पुढची पावलं टाकायची. हात बसलेल्याला सगळं मिळून पाच मिनिटं लागत नाहीत. रेडिएशन नाही, पेशंटला कुठं हलवायचं नाही, एकीकडे सिस्टर सलाईन लावत असतात तेव्हाच दुसरीकडे हे होऊन जातं.

जे दिसत नाही तेही सांगतो, नाहीतर म्हणाल डॉक्टर जाहिरात करायलाय. थोडं रक्त असेल, साधारण दोनशे मिलीच्या खाली, तर फास्टमध्ये बहुतेक सापडत नाही. आतडं फाटलं असेल तर ही तपासणी गप्प बसते. पेशंट जाड असला, पोटात गॅस असला की चित्र खराब येतं. पहिल्यांदा काही दिसलं नाही म्हणजे पेशंट सुटला असं नसतं, थोड्या वेळाने परत बघावं लागतं. म्हणूनच शिकवा म्हणतोय, नुसती मशीनं वाटू नका. अर्धवट शिकलेल्याच्या हातात प्रोब आला की तो खोटा धीर देतो, आणि कॅज्युअल्टीत खोटा धीर फार महाग पडतो.

आता माझ्या मामेभावाचं. नाव लिहीत नाही, घरच्यांनी नको म्हटलंय. ऊसतोडीचा सीझन, रात्री भरलेली ट्रॉली घेऊन फॅक्टरीकडे निघालेला, उतारावर मागच्या वजनाने ढकललं आणि ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या चरीत गेला. स्टिअरिंग डाव्या बरगड्यांखाली बसलं. मागून येणाऱ्या गाडीवाल्यांनी माझ्याकडे आणला. चालत आत आला ओ तो. "काय झालं नाही दादा, जरा चमक मारायलीय" म्हणाला आणि स्टुलावर बसला. वरचं बीपी ११०. पण नाडी १२० ला टेकलेली, तळवे गार, आणि दुखतंय कुठं म्हटलं तर डावा खांदा दाखवत होता, खांद्याला ओरखडा सुद्धा नसताना. डॉक्टर मंडळींच्या लक्षात आलं असेल. पोटात सांडलेलं रक्त श्वासाच्या पडद्याला लागलं की दुखणं वर खांद्यात जातं, आणि डावा खांदा म्हटलं की पहिला संशय प्लीहेवर, म्हणजे स्प्लीनवर. तरण्या माणसाचं बीपी फसवतं. अंगातलं पंधरा ते तीस टक्के रक्त गेलं तरी वरचा आकडा बऱ्याचदा जागेवर राहतो, नाडी तेवढी पळत असते.

माझ्याकडे संशय होता, दाखवायला काही नव्हतं. चिठ्ठीत ठळक लिहिलं, १०८ बोलावली, जवळच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथं सोनोग्राफीचं मशीन होतं बरं का. खोलीला कुलूप होतं, कारण ज्यांच्या नावावर नोंदणी आहे ते डॉक्टर ठरलेल्या दिवशीच येतात आणि तो दिवस नव्हता. ड्युटीवर कोवळा पोरगा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. बीपी बरं, पोट मऊ, त्याने काय करावं? ऑब्झर्वेशनला ठेवला. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मीही शिकलेलो नसतो तर तेच केलं असतं. पहाटे बीपी ७० वर आलं तेव्हा धावपळ, परत १०८, परत रेफर चिठ्ठी, बेळगाव. पोट उघडलं तेव्हा रक्ताने भरलेलं. स्प्लीन काढावी लागली, किडन्या बसल्या, डायलिसिस झालं, बरेच दिवस आयसीयूत काढले. वाचला. दोन म्हशी गेल्या, रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा गेला, आणि आता ऊस भरायला जाता येत नाही म्हणून घरी बसून वहिनीशी भांडत असतो.

आणि तो वाचला म्हणून तुमच्या कुठल्याच रजिस्टरात तो नाही. बाळंतीण दगावली तर चौकशी होते, ती व्हायलाच पाहिजे. पण उशिरामुळे निम्मा होऊन घरी परत आलेल्या माणसाची चौकशी करायला खात्याकडे फॉर्मच नाही. आमच्या तालुक्यात असे किती आहेत हे तुम्ही सांगू शकत नाही, मीही सांगू शकत नाही.

रात्री त्या पोराला प्रोब धरता येत असता तर स्प्लीन काय आपोआप शिवली गेली नसती. पण गाडी तिथं थांबलीच नसती, सरळ बेळगावला गेली असती, पोचायच्या आधी फोन गेला असता की रक्ताची सोय करा आणि सर्जनला बोलवा. आमच्याकडे अर्धा इलाज म्हणजे गाडी कुठं वळवायची हे ठरवणं. निपाणीचा पेशंट बेळगावला आणायचा की हायवेने कोल्हापूरला सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात न्यायचा? अथणी-कागवाडचा मिरजेला? कणकुंबीचा परत खानापूर-बेळगाव फिरवायचा की चोर्ला घाट उतरून गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात? शहरात चुकीच्या हॉस्पिटलात गेलं तर दहा मिनिटं जातात, आमच्याकडे रात्र जाते. आणि भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली या बाजूची गावं तर वेगळीच गोष्ट, पावसात ओढे चढले की पेशंट खांद्यावर, लाकडाला घोंगडं बांधून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, फोनला रेंज नाही. एवढ्या तंगड्या तोडून आणलेला माणूस पहिल्या सरकारी खाटेवर पोचतो तेव्हा तिथं निदान त्याच्या पोटात काय चाललंय ते बघणारा कुणीतरी असावा, एवढीच अपेक्षा आहे.

(जाता जाता. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या जनआरोग्य योजनेत घेतलं तेव्हा दोन्ही राज्यांच्या पुढाऱ्यांत केवढं वाजलं होतं, आठवतंय? कार्ड कुणाचं चालणार यावर भांडायला सगळे होते. ज्या कॅज्युअल्टीत पेशंट पहिल्यांदा पोचतो तिथं काय आहे हे बघायला तेव्हा इकडचं कुणी आलं नाही आणि तिकडचंही नाही.)

आणि हे फक्त अपघाताचं नाही. निपाणी भागात तंबाखू आणि बिडीत आयुष्य गेलेल्या बायका-माणसं आहेत, त्यातली एखादी म्हातारी पहाटे दम लागून येते. छातीला स्टेथोस्कोप लावला तर सगळीकडे शिट्ट्या. आता ही दमेकऱ्याची शिट्टी की हृदय थकल्यामुळे फुप्फुसात पाणी चढलंय त्याची? कानाला दोन्ही कधी कधी सारखंच वाजतं, आणि औषधं वेगळी, एकीला नेब्युलायझर, दुसरीला लघवीतून पाणी काढणारं इंजेक्शन. प्रोब छातीवर ठेवला तर पाणी असलेल्या फुप्फुसात वरून खालपर्यंत पांढरे झोत उतरताना दिसतात, त्यांना बी लाईन म्हणतात. दोन्ही बाजूंना भरपूर दिसले तर पाण्याकडे बोट, फुप्फुस कोरडं दिसलं तर दम्याकडे. तसंच काजूच्या नाहीतर फणसाच्या झाडावरून पडलेला माणूस. बरगडी मोडून फुप्फुसाला लागलं असेल आणि बाहेर हवा साठली असेल तर पडद्यावर फुप्फुसाची ती बारीक सरसर थांबलेली दिसते, आणि १०८ मध्ये चढवायच्या आधीच छातीत नळी घालायची की नाही ते ठरवता येतं. आणि तिसरं म्हणजे पाळी चुकलेली बाई, पोटात दुखून चक्कर येऊन पडलेली, जिला घरचे आणि कधी कधी डॉक्टर पण गॅस म्हणून सोडून देतात. गर्भ नळीत राहून नळी फुटली असेल तर तिच्या पोटातही तोच काळा पट्टा दिसतो. ती बाई तासातासाने मरत असते. तिच्यासाठी कायद्याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आता तक्रारी. शिवीगाळ करायची नाही, एकेक सांगतो.

पहिली. तज्ज्ञ नाहीत आणि असलेल्यांना शिकवतही नाही. सरकारच्याच मापाने सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक पीएचसी, डोंगराळ भागात २० हजारांमागे. त्यावर सीएचसी, तिथं सर्जन, फिजिशियन, बाळंतपणाचे आणि लहान मुलांचे डॉक्टर असावेत असं माप आहे. रेडिओलॉजिस्ट त्या चौघांत मुळातच नाही. म्हणजे सगळ्या पोस्ट भरल्या तरी (हसू नका) रात्री दोनला सीएचसीत सोनोग्राफी करणारा माणूस तुमच्या नकाशावरच नाही. मग जो तिथं बसलाय त्यालाच शिकवणं हा एकच रस्ता उरतो, आणि तोच बंद.

दुसरी, आणि सगळ्यात मोठी, कायद्याची भीती. पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ पासून, २००३ मध्ये अजून कडक झाला. कडक का केला हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मार्च २०१७ मध्ये आपल्या कागवाडला लागून असलेल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. जून २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुडलगीत बाटल्यांत भरून टाकलेले सात भ्रूण सापडले. २०२३ मध्ये मंड्या-म्हैसूरकडचं भ्रूणहत्येचं रॅकेट उघडं पडलं. त्यामुळे कायदा सैल करा म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्याने मुलगी आहे म्हणून सांगायला प्रोब धरला त्याला आत टाका, रजिस्ट्रेशन रद्द करा, मी टाळ्या वाजवीन.

पण मला एवढं सांगा, ट्रॅक्टरखाली आलेल्या चाळिशीतल्या पुरुषाच्या स्प्लीनचं लिंग कुणाला बघायचंय? कायद्याने मशीनची आणि जागेची नोंदणी मागितलीय, चालवणाऱ्याची पात्रता मागितलीय, गरोदर बाईची तपासणी केली की फॉर्म एफ भरायला सांगितलाय. एमबीबीएस डॉक्टरने सोनोग्राफी शिकूच नये असं त्यात कुठंही नाही. उलट २०१४ च्या नियमांत एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं, ३०० तासांचं ट्रेनिंग आणि शेवटी परीक्षा असा रस्ता स्पष्ट दिलाय. त्या नियमांवर कोर्टबाजी झाली, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टात ते टिकले नाहीत, पण २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि ट्रेनिंगचा रस्ता परत उघडला. हलवता येणाऱ्या मशीनचंही तसंच, २०१२ च्या दुरुस्तीने ती नोंदणी झालेल्या हॉस्पिटलच्या आत दाखल पेशंटसाठी वापरता येते, आणि बाकीच्या आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातही नेता येते. म्हणजे दारं आहेत. खात्यानेच ती ढकलून बघितली नाहीत, आणि वर आम्हाला सांगतात भिंत आहे.

भीती कुठून येते तेही मला कळतं. फॉर्म एफमध्ये एक रकाना राहिला तरी केस होऊ शकते, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा कायद्यात आहे, त्यामुळे वरचे साहेब विचार करतात की कुलूप लावलेलं बरं. कुलूप लावल्याने साहेबांवर केस होत नाही हे खरं. पण म्हैसाळसारखे धंदे करणारा माणूस सरकारी कॅज्युअल्टीत, ट्यूबलाईटखाली, सिस्टर, वॉर्डबॉय आणि पेशंटच्या दहा नातेवाईकांसमोर, रजिस्टरला टाईम लिहून करत नसतो. कुलपाने अडकतो तो कॅज्युअल्टीतला डॉक्टर, धंदे करणारा आपल्या मागच्या खोलीत निवांत असतो.

तिसरी तक्रार वर्कशॉपची. कधीतरी एखादा दिवस ठरतो, हॉल, फ्लेक्स, बुके, दीपप्रज्वलन, दोन भाषणं, मग चाळीस डॉक्टरांत एक मशीन. ज्याला पुढे जायला मिळालं त्याने दोन मिनिटं प्रोब धरला, बाकीच्यांनी मोबाईलवर फोटो काढले, पुलाव खाल्ला, सर्टिफिकेट घेऊन घरी. प्रोब किती तिरका करायचा हे खांद्याला आणि मनगटाला कळावं लागतं, स्लाईड बघून कळत नाही. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या कॉलेजच्या मार्गदर्शनात प्रत्येक प्रकारच्या तपासणीला २५ ते ५० केसेस, बघितलेल्या आणि तपासून घेतलेल्या, एवढं माप धरलंय. एका दुपारी त्यातल्या दोन होत नाहीत. शिवाय नंतर विचारायला कुणी नाही. मी पुण्यात शिकत होतो तेव्हा माझी सेव्ह केलेली चित्रं आठवड्याला सीनियर बघायचे आणि "ही काळी जागा रक्त नाही, भरलेलं पोट आहे, काय खाऊन आला होता विचारलंस का?" असं सगळ्यांसमोर काढायचे. लाज वाटायची, पण परत ती चूक हातून झाली नाही. ही दुसरी पायरी आपल्याकडच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मी बघितलेली नाही.

चौथी, १०८ वाले. २००८ पासून ही गाडी आपल्याकडे धावतेय आणि आमच्या भागात तिने किती जीव वाचवले ते मी रोज बघतो, त्या पोरांबद्दल वाईट बोलायचंच नाही. पण जंगलातून आणलेल्या पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ गाडीतला ईएमटी (प्रशिक्षित मदतनीस) असतो आणि त्याला कुणी काही जादा शिकवत नाही.

बारक्या तक्रारी पण आहेत. मशीन आलं तर जेल नाही, जेल आलं तर बॅटरी फुगलेली, लाईट गेली की यूपीएस शिट्टी मारतो, दुरुस्तीचा करार कुणाच्या टेबलावर अडकलाय कळत नाही. सोडून देतो.

रेडिओलॉजिस्ट मित्रांसाठी एक वाक्य, कारण यावर पहिला फोन त्यांचाच येणार. तुमचं काम कुणी काढून घेत नाही, ज्याच्या पोटात काळा पट्टा दिसला तो पूर्ण तपासणीला तुमच्याकडेच येणार आहे, फक्त जिवंत येणार आहे.

आता काय पाहिजे ते सरळ लिहितो.

प्रत्येक तालुका हॉस्पिटल आणि सीएचसीतले, कॅज्युअल्टीत खरोखर ड्युटी करणारे दोन एमबीबीएस डॉक्टर निवडा आणि त्यांना ते ३०० तासांचं ट्रेनिंग बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजात द्या. सहा महिने सलग डॉक्टर सोडायला कुठलंही हॉस्पिटल तयार होणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून आठवड्याला दोन दिवस, दिवसाला सहा तास असं बसवा. २६ आठवड्यांत ३१२ तास होतात, हिशोब बसतो. त्या दोन दिवसांना बदली डॉक्टर कोण हे ऑर्डरमध्येच लिहा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून ट्रेनिंग बंद पडतंय बघा. सुरुवात खानापूर तालुक्यापासून करा. माझं गाव म्हणून नाही, जिथं पाऊस सगळ्यात जास्त आणि मोठ्या हॉस्पिटलला पोचणं अवघड तिथून सुरू करा, मग नाव आपोआप तेच निघतं. त्या अभ्यासक्रमात फास्ट, फुप्फुस आणि हृदयाभोवतीचं पाणी या तीन गोष्टी आवर्जून घ्या, नुसतं ओपीडीतल्या मुतखड्यावर तास घालवू नका.

ट्रेनिंग पास झालेल्यांची नावं त्या हॉस्पिटलच्या नोंदणीत चढवा आणि खोलीची किल्ली ड्युटी डॉक्टरकडे द्या. मशीन असं घ्या की प्रत्येक चित्र तारीख-वेळेसह आपोआप साठेल आणि पुसता येणार नाही. सक्षम प्राधिकरणाने वाटेल तेव्हा, न सांगता येऊन ते तपासावं. गरोदर बाईच्या बाबतीत आज जे कडक आहे ते तसंच राहू दे, फॉर्म एफ, सह्या, सगळं, एक रकानाही कमी नको. फक्त नळी फुटलेल्या बाईच्या पोटात रक्त आहे का हे बघणाऱ्या पात्र डॉक्टरला नंतर नोटीस येणार नाही, त्याने आधी जीव वाचवावा आणि कागद लगेच पूर्ण करावेत, असं लेखी सर्क्युलर काढा. कन्नड, मराठी आणि इंग्रजीत काढा, आणि पीएचसीच्या भिंतीवर लावा, म्हणजे नातेवाईकांनाही कळेल की डॉक्टर काय करू शकतो आणि काय नाही.

शिकलेल्यांची चित्रं दर आठवड्याला बघायला मेडिकल कॉलेजातला एक माणूस नेमा, त्याला त्याचे पैसे द्या. ज्या केसमध्ये चुकलं ती लपवू नका, सगळ्यांनी मिळून बघा. नर्सेस आणि ईएमटींच्या हातात प्रोब द्यायचा तर तो निर्णय बेंगळूरच्या हातात नाही, दिल्लीच्या हातात आहे, हे मान्य. मग राज्याने तसा प्रस्ताव दिल्लीला पाठवावा, निदान एका १०८ गाडीपुरता, फक्त छाती आणि अपघातापुरता, आणि काय उत्तर आलं ते आम्हाला सांगावं. तोपर्यंत त्यांना पेशंट कुठल्या दिशेला न्यायचा याचं ट्रेनिंग तरी द्या, त्याला तर कुणाची परवानगी लागत नाही.

आणि एक यादी जाहीर करा. जिल्ह्यात किती सरकारी हॉस्पिटलात सोनोग्राफी मशीन आहे, त्यातलं चालू किती, किती दिवस उघडतं, रेडिओलॉजिस्टच्या किती जागा रिकाम्या. माहिती अधिकारात मागायला लावू नका, तुमच्याकडे असणारच.

यातलं काहीही फार खर्चाचं नाही. खर्च मशीन विकत घेताना होतो, तो बऱ्याच ठिकाणी तुम्ही आधीच करून बसलाय. राहिलेलं काम माणसांना शिकवायचं आहे.

डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकार बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येतं. तिथून खानापूर तासाभराच्या आत आहे. मंत्रीसाहेब, एका रात्री कुणालाही न कळवता, गाड्यांचा ताफा आणि फोटोवाले न घेता, तालुक्याच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत नऊ ते बारा बसा. ऊसाचा सीझन असेल, तुम्हाला फार वाट बघावी लागणार नाही. अधिवेशन सुरू व्हायच्या आत या मागण्यांवर काय ठरलं ते मला आणि इथल्या लोकांना कळवा, नाही कळवलं तर आम्ही गावागावातल्या सह्या घेऊन तिथं येणार आहोत, गेटवर बसणार आहोत, रस्ता अडवणार नाही कारण त्याच रस्त्याने १०८ जाते.

उत्तर तोंडी नको, लेखी द्या. कन्नडमध्ये दिलं तरी चालतंय, आम्हाला वाचता येतं.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक डॉक्टर